कुळाचा नायक व त्याचीं कुळें

एखाद्या घराण्यांतील वडील मनुष्य मरण पावला म्हणजे लोक जमतात, शोक करितात, आणि चार दिवसांनीं कोणी तरी विचारतो कीं, आतां त्याच्या जागीं कोण? ह्या प्रश्नाच्या मागें दुसरा एक प्रश्न असतो, व तो सहसा कोणी तोंडानें विचारीत नाहीं. तो असा कीं, जो गेला त्याची जागा म्हणजे नक्की काय होती? ती त्याची मालकी होती, कीं त्याच्या शिरावरचें ऋण होतें? मालकी असेल तर ती वारसास मिळते व त्याचा लाभ होतो. ऋण असेल तर तें वारसाच्या शिरावर येतें व त्याला तें फेडावें लागतें. मरणाच्या दिवशीं हा भेद डोळ्यांस दिसत नाहीं, कारण मालकी व ऋण हीं दोन्ही एकाच घरांत, एकाच नांवाखालीं राहत असतात. परंतु पुढील पिढीच्या सुखदुःखाचा निर्णय बहुधा ह्याच भेदावर होतो. स्कॉटलंड देशांतील डोंगरी कुळें व त्यांचे नायक ह्यांच्या इतिहासांत हा भेद फार स्पष्ट दिसतो; म्हणून त्या इतिहासाच्या आधारें आपण ह्या प्रश्नाचा विचार करूं.

स्कॉटलंडचें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. सन १८२९ मध्यें मुंबईस आलेले डॉ. जॉन विल्सन हे त्याच देशचे. परंतु ते दक्षिणेकडील भागांतले. कुळांचा मुलूख, ज्यास हायलंड म्हणतात, तो उत्तरेस व पश्चिमेस असून डोंगर, दऱ्या, खाड्या व बेटें ह्यांनीं भरलेला आहे. तेथील जुनी भाषा गेलिक. त्या भाषेंत कुळाला जो शब्द आहे, क्लान्न, त्याचा मूळ अर्थ मुलें असा होतो. नांवांच्या आरंभीं जो मॅक शब्द येतो त्याचा अर्थ पुत्र. मॅक्लाउड म्हणजे लिओडचा पुत्र, मॅक्डोनल्ड म्हणजे डोनल्डचा पुत्र. सारें कूळ एका बापाचीं मुलें व नायक हा त्या बापाच्या ठिकाणीं, अशी ही कल्पना होती.

प्रत्यक्षांत कुळांतील सर्व माणसें एका रक्ताचीं नव्हतीं. पुष्कळ दुर्बळ घराण्यांनीं बलवान नायकाचा आश्रय घेतला व त्याचें नांव धारण केलें. परंतु जें नातें रक्तानें नव्हतें तें वचनानें व सहवासानें जोडीत असत. नायकाचा मुलगा लहानपणीं कुळांतील दुसऱ्या घरीं वाढविण्यास देण्याची चाल होती; त्या घरचीं मुलें त्याचे दूधभाऊ होत, आणि दूधभावाची निष्ठा सख्ख्या भावाहूनहि मोठी मानीत. अशा रीतीनें उद्यांचा नायक आपल्याच लोकांच्या चुलीपाशीं वाढे.

जमिनीविषयींहि त्या लोकांची अशीच एक समजूत होती. गेलिक भाषेंत तिला दूखस म्हणतात. तिचा आशय असा कीं, ज्या भूमीवर एखादें कूळ पिढ्यान् पिढ्या राहिलें, जिचें रक्षण त्यानें रक्त सांडून केलें, तिच्यावर वसण्याचा हक्क त्या सर्व कुळाचा आहे. नायक हा त्या भूमीचा राखणदार. त्याच्याजवळ राजाची सनद असो वा नसो, लोकांच्या मनांत त्याचा अधिकार सनदेवर उभा नव्हता. तो त्यांच्या रक्षणाच्या कामावर उभा होता. परंतु ही समजूत कोठेंहि लिहून ठेविलेली नव्हती. सनद मात्र लिहिलेली होती. पुढें जें झालें त्याचें बीज येथें आहे.

नायकपद देण्याच्या जुन्या विधीचें वर्णन सतराव्या शतकांतील एका लेखांत आढळतें. मॅक्डोनल्ड कुळाचा मुख्य, ज्यास बेटांचा स्वामी म्हणत, त्याला आयला बेटांतील फिन्लॅगन येथें हें पद देत असत. तेथें एका शिळेंत पाऊल मावेल असा ठसा कोरलेला असे. नव्या नायकानें त्या ठशांत पाय ठेवावयाचा. अर्थ हा कीं, पूर्वजांच्या पावलांवर मी सरळ चालेन. त्याला शुभ्र वस्त्र नेसवीत. तें अंतःकरणाच्या शुद्धतेचें चिन्ह. हातांत पांढरी काठी देत. जुलमानें नव्हे तर विवेकानें राज्य करावें असा तिचा बोध होता. शेवटीं तरवार देत, ती लोकांच्या रक्षणासाठीं. ह्या विधींत एक गोष्ट लक्षांत घेण्यासारखी आहे. त्यांतील प्रत्येक वस्तु नायकाकडून कांहीं तरी मागते. पाऊल, वस्त्र, काठी, तरवार, हीं चारही त्याला बांधून घेणारीं आहेत. ज्यांनीं हा विधि रचला त्यांच्या दृष्टीनें नायकी हें ऋणच होतें.

नायक मरण पावला म्हणजे स्त्रिया मोठ्यानें विलापगीत गात, पायपाचें शोकवादन होई, आणि त्या त्या कुळांतील शाहीर गेलेल्याच्या औदार्याचें व पराक्रमाचें वर्णन करी. पुष्कळ ठिकाणीं थडग्यावर किंवा प्रेत विसाव्यासाठीं ठेविलेल्या जागीं दगडांची रास रचीत, आणि जाणारा येणारा तींत एक दगड टाकी. मी तुझ्या राशींत दगड टाकीन, असें म्हणणें हें त्या लोकांत मैत्रीचें वचन समजत. अशा शोकांत भीतीचाहि भाग असे. छत्र गेलें, आतां आमचें कसें होईल? म्हणून नवा नायक लवकरच पुढें येई. माणूस मरे, पण नायकी मरत नसे.

आतां कोणी असें समजूं नये कीं, तो काळ केवळ प्रेमाचा होता. नायकाला न्याय करण्याचा अधिकार असे, व मोठे नायक फांशीची शिक्षाहि देत. कुळाकुळांत वैरें चालत, गुरें पळवीत, घरें जाळीत. सन १७४५ मध्यें राजपुत्र चार्ल्स ह्याच्या बंडांत कित्येक लोक स्वेच्छेनें गेले, तर कित्येकांस, न आल्यास घराचें छप्पर जाळूं, अशी धमकी देऊन नेण्यांत आलें. निष्ठा व भय हीं दोन्ही एकाच झाडाला लागलेलीं होतीं.

तरी निष्ठा खोटी नव्हती, ह्याचा एक मोठा पुरावा आहे. ता. १६ एप्रिल १७४६ रोजीं कलोडनच्या माळावर बंडवाल्यांचा पूर्ण मोड झाला. मॅकफर्सन कुळाचा नायक क्लूनी हा आपल्याच मुलखांत लपून राहिला. त्याला पकडून देणारास मोठें बक्षीस सरकारनें लाविलें होतें. त्याच्या डोंगरांत सरकारी शिपाई फिरत होते, त्याचें घर जाळलें होतें. तरी नऊ वर्षें तो आपल्या लोकांत राहिला, आणि सन १७५५ मध्यें फ्रान्सांत निघून जाईपर्यंत त्याला कोणीं धरून दिलें नाहीं. ज्याच्या हातीं आतां शिक्षा करण्याचें किंवा बक्षीस देण्याचें सामर्थ्य उरलें नव्हतें, त्याला गरीब लोकांनीं नऊ वर्षें राखलें. हें भयानें होत नसतें.

कलोडननंतर सरकारनें नायकांचे न्याय करण्याचे वंशपरंपरागत अधिकार कायद्यानें काढून टाकिले, शस्त्रें काढून घेतलीं, आणि डोंगरी पोषाखहि बंद केला. पोषाखाची ही बंदी सन १७८२ मध्यें उठली. परंतु पुष्कळ नायकांकडे एक वस्तु राहिली, ती म्हणजे जमिनीची सनद. अधिकार गेला, त्याबरोबर रक्षणाचें कर्तव्यहि गेलें असें त्यांस वाटूं लागलें. पूर्वी नायकाचें बळ त्याच्यामागें किती माणसें उभीं राहतात ह्यावर मोजीत. आतां तें खंड किती येतो ह्यावर मोजूं लागले. माणसांपेक्षां मेंढ्यांपासून खंड अधिक येई.

आपल्या मराठी भाषेंत कूळ ह्या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वंश, घराणें. व दुसरा, दुसऱ्याची जमीन खंडानें कसणारा. हायलंडांत जें घडलें तें ह्या एका शब्दांत सांगतां येतें. पहिल्या अर्थाचें कूळ दुसऱ्या अर्थाचें कूळ झालें. काल जीं नायकाचीं मुलें होतीं, तीं आज त्याचीं खंडकरी झालीं. आणि खंडकऱ्यास काढून लावितां येतें, मुलास तसें काढितां येत नाहीं.

पुढें जवळजवळ शंभर वर्षें लोकांस दऱ्यांतून हांकलून देण्याचा क्रम चालला. सदरलंड परगण्यांत, विशेषतः सन १८०७ पासून १८२१ पर्यंत, हजारों माणसांस आंतल्या दऱ्यांतून काढून समुद्रकांठच्या नापीक तुकड्यांवर बसविण्यांत आलें. हें जिच्या नांवानें झालें ती सदरलंडची काउंटेस एलिझाबेथ ही त्या प्राचीन घराण्याचीच वारस होती. स्ट्रॅथनेव्हरच्या दरींत घरांचीं छपरें पेटविल्याबद्दल तिच्या कारभाऱ्यापैकीं पॅट्रिक सेलर ह्याच्यावर सन १८१६ मध्यें खटला झाला; तो निर्दोषी ठरला. ह्याच घराण्यानें सन १७९९ मध्यें ह्याच लोकांतून एक पलटण उभी केली होती. पुढें क्रिमियाच्या युद्धाच्या वेळीं जेव्हां ड्यूक पुन्हां शिपाई मागावयास आला, तेव्हां लोकांनीं त्यास, आतां तुमच्या मेंढ्यांस लढावयास पाठवा, असें उत्तर दिलें अशी कथा तिकडे सांगतात.

दुसरें उदाहरण आपल्या भूमीस येऊन भिडतें. मॅकेंझी कुळाचा नायक लॉर्ड सीफोर्थ ह्यानें सन १७९३ मध्यें ७८ वी हायलंड पलटण उभारली. तीच पलटण ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं असईच्या रणांत शिंदे व भोसले ह्यांच्या फौजेशीं लढली. आज जें ठिकाण जालना जिल्ह्यांत आहे, तेथें दूरच्या डोंगरांतील हे तरुण मेले, व त्यांच्याशीं लढतां लढतां येथील तरुणहि मेले. सीफोर्थ स्वतः बहिरा असून बुद्धिमान होता. तो बार्बाडोस बेटाचा गव्हर्नर असतां गुलामाचा खून करणारास देहांताची शिक्षा असावी म्हणून मळेवाल्यांशीं झगडला, व सन १८०५ मध्यें तसा कायदा झाला. पण गुलामांच्या श्रमावर चालणारे मळे त्याचे स्वतःचेहि होते. कर्जामुळें तो जमीन विकूं लागला तेव्हां, आम्ही आपलें कर्ज वारूं, आपण येऊन आमच्यांत राहावें, असें त्याच्या लोकांनीं त्यास कळविलें असें लिहून ठेविलेलें आहे. तरी जमीन विकली गेली. त्याचे चारही मुलगे त्याच्या आधीं वारले, आणि सन १८१५ मध्यें तो मेला तेव्हां त्याच्या पुरुषवंशाचा शेवट झाला. त्या लोकांनीं त्याच्यापाशीं धन मागितलें नव्हतें. आपण आमच्यांत राहा, एवढेंच मागितलें होतें.

येथें कोणी म्हणेल, नायकांस दोष कां द्यावा? तेहि कर्जांत बुडाले होते, डोंगराळ जमीन थोडी व माणसें फार झालीं होतीं, आणि कायद्यानें त्यांस हक्क होता. ह्या आक्षेपांत सत्याचा अंश आहे. सर्वच नायक लोभी नव्हते, आणि गरिबी केवळ एका माणसाच्या दुष्टपणानें येत नाहीं. परंतु एक कसोटी लाविली पाहिजे. ज्या नायकास शिपाई हवे होते तेव्हां त्यानें लोकांस काय म्हणून हांक मारली? माझीं लेंकरें म्हणून. आणि जमीन मोकळी हवी झाली तेव्हां काय म्हणून नोटीस दिली? कूळ म्हणून. जें नातें घेण्याच्या वेळीं खरें व देण्याच्या वेळीं खोटें, तें नातें नव्हे. ती फसवणूक होय. कायदा मनुष्यास एखादी गोष्ट करूं देतो, ह्यावरून ती करावी असें सिद्ध होत नाहीं. कायद्यानें नायकास सनद दिली होती. विवेकाची पांढरी काठी कायद्यानें दिलेली नव्हती, म्हणून ती कायद्यानें काढूनहि घेतली नव्हती.

ही गोष्ट शक्य होती कीं नाहीं, ह्याचें उत्तर स्काय बेटांतील डनव्हेगन येथील मॅक्लाउड घराण्यांत मिळतें. सन १७३९ मध्यें स्काय व आसपासच्या बेटांतील सुमारें शंभर माणसांस जबरीनें एका जहाजांत घालून अमेरिकेकडे विकण्यास नेलें. जहाज आयर्लंडांतील डोनाघडी बंदरास लागलें तेव्हां तीं माणसें निसटलीं व हा प्रकार उघड झाला. त्यांत स्वतः मॅक्लाउड नायक नॉर्मन व शेजारचा मॅक्डोनल्ड नायक ह्यांचा हात होता असा बोभाटा झाला. त्यांच्यावर खटला मात्र झाला नाहीं. तेव्हां कलोडनला सात वर्षें अवकाश होता. म्हणजे लोकांस माल समजण्याची बुद्धि कायदा बदलल्यावरच आली असें नाहीं.

ह्यानंतर शंभर वर्षांनीं त्याच गादीवर त्याच नांवाचा दुसरा नॉर्मन मॅक्लाउड, पंचविसावा नायक, होता. सन १८४६ मध्यें बटाट्याच्या पिकावर रोग पडला, आणि बटाट्यावरच जगणारे गरीब लोक उपाशी मरूं लागले. ह्या नॉर्मननें आपलें द्रव्य लोकांच्या अन्नासाठीं खर्च केलें. तेवढ्यानें पुरें पडेना. शेवटीं तो स्वतः बुडाला, पूर्वजांचा किल्ला सोडून लंडनास गेला, आणि तेथें सरकारी कचेरींत कारकुनाची नोकरी धरून राहिला. सन १८९५ मध्यें तो वारला.

वाचकहो, ह्या दोन नॉर्मनांची तुलना करा. रक्त एक, नांव एक, किल्ला एक, गादी एक. एकावर लोकांस विकल्याचा ठपका आहे. दुसऱ्यानें लोकांसाठीं स्वतःचें सर्व विकलें. तेव्हां नायकपण रक्तांत नाहीं व गादींतहि नाहीं, हें सिद्ध होतें. तें ऋण मानण्यांत आहे. जो कारकून होऊन परक्या शहरांत राहिला, त्याचा पाय त्या जुन्या शिळेवरील ठशांत बरोबर बसला होता.

ह्या विषयाची दुसरीहि एक बाजू आहे, व ती उपदेशकांनीं विशेष ध्यानांत ठेवावी अशी आहे. सन १८४५ मध्यें ग्लेनकाल्व्ही येथील कुटुंबांस घरांतून काढिलें. तेथील जमीनदार त्यांच्या कुळाचा नायक नव्हता, पण रीत तीच होती. बेघर झालेले ते लोक क्रॉइक येथील देवळाच्या आवारांत, थडग्यांमध्यें, कापडाचा आडोसा करून राहिले. देवळाच्या खिडकीच्या कांचेवर त्यांनीं बाहेरून अक्षरें कोरलीं, तीं अजून आहेत. त्यांत त्यांनीं जमीनदारास शाप दिला नाहीं. त्यांनीं स्वतःलाच दुष्ट पिढी असें म्हटलें आहे. आपल्या पापामुळेंच ही शिक्षा आली, असें त्यांस वाटलें. आणि त्या काळीं कित्येक धर्मोपदेशकहि असेंच शिकवीत. नम्रता हा मोठा गुण आहे. परंतु दुसऱ्याच्या अन्यायाचा भार आपल्या पापाच्या खातीं लिहून घेणें ही नम्रता नव्हे, आणि पीडितास तसें शिकविणें तर त्याहून वाईट. त्या शिकवणीनें अन्याय करणाराचें मन निजतें व अन्याय सोसणाराचें मन मोडतें. निष्ठेनें डोळे मिटावयाचे नसतात. क्लूनीस राखणारे लोक निष्ठावंत होते. सीफोर्थला, आमच्यांत येऊन राहा, असें स्पष्ट सांगणारेहि निष्ठावंतच होते.

लोकांनीं पुढें डोळे उघडले. स्काय बेटांत व इतरत्र खंड न देण्याच्या चळवळी झाल्या, आणि सन १८८६ च्या कायद्यानें लहान शेतकऱ्यांस जमिनीवरून मनास येईल तेव्हां काढून लावणें बंद झालें. सन १९९३ मध्यें असिंट येथील शेतकऱ्यांनीं व सन १९९७ मध्यें एग बेटाच्या रहिवाश्यांनीं आपल्या पायांखालची जमीन वर्गणी जमवून विकत घेतली. जी समजूत लिहिलेली नव्हती म्हणून बुडाली होती, ती अशा रीतीनें कागदावर आली.

आणि नायक? ते आजहि आहेत. एडिंबरो येथील लॉर्ड लायन नांवाचा अधिकारी त्यांचें पद मान्य करितो, आणि टोपींत गरुडाचीं तीन पिसें लावण्याचा त्यांस मान आहे. हुकूम चालविण्याचा अधिकार मुळींच नाहीं. मॅक्लाउड कुळाची अठ्ठाविसावी नायक फ्लोरा ही स्त्री होती. पित्याच्या मृत्यूनंतर सन १९३५ मध्यें ती त्या पदावर आली, आणि कॅनडा, ऑस्ट्रेलिया इत्यादि देशांत पांगलेल्या मॅक्लाउडांस भेटण्यासाठीं उतारवयांत दूरदूर फिरली. ज्यांचे पूर्वज हांकलले गेले होते त्यांच्या नातवंडांस तिनें घरीं बोलाविलें. सन १९७६ मध्यें ती वयाच्या ९८ व्या वर्षीं वारली, तेव्हां समुद्रापलीकडे अशा लोकांनीं तिचा शोक केला कीं, ज्यांस तिच्यापासून एक वीत जमीनहि मिळावयाची नव्हती. तिच्या नातवानें, एकोणतिसाव्या नायकानें, सन २००० मध्यें किल्ल्याचें गळकें छप्पर दुरुस्त करण्यासाठीं क्युलिनचे काळे डोंगर एक कोटि पौंडांस विकावयास काढिले, तेव्हां मोठी ओरड झाली. डोंगर विकण्यास हा कोण? असें लोक विचारूं लागले. शेवटीं विक्री रहित झाली, आणि सन २००७ मध्यें तो नायकहि वारला. कागदाप्रमाणें डोंगर त्याचे होते. तरी दूखसचा जुना प्रश्न अजून जिवंत आहे, हें ह्या ओरडीनें दाखविलें.

तर मग नायक गेल्यावर काय उरतें? किल्ला उरतो, पण त्याचें छप्पर गळतें. सनद उरते, पण ती विकतां येते. नांव उरतें, पण तें चांगल्या व वाईट अशा दोघांसहि सारखेंच बसतें. खरोखर उरतें तें एवढेंच, कीं त्यानें आपल्या जागेस काय मानलें. मालकी मानली असेल तर त्याच्या मागें वारस राहतात. ऋण मानलें असेल तर त्याच्या मागें लेंकरें राहतात.

ज्यांच्याकडे लहान मोठी वडीलकी आहे, मग ती घरांतली असो, गांवांतली असो वा मंडळींतली असो, त्यांनीं हा प्रश्न आपल्या मरणानंतर लोकांवर टाकूं नये. तो आजच स्वतःस विचारावा. आणि ज्यांच्याकडे वडीलकी नाहीं, त्यांनीं वडिलांच्या थडग्यावर दगड टाकण्याच्या आधीं, ते जिवंत असतांच त्यांस आदरानें, पण स्पष्टपणें, त्यांच्या ऋणाची आठवण द्यावी. शोकाहून ही सेवा अधिक खरी आहे.